कोल्डरिगची वही, बीरगावचं मैदान

रायपूरहून परतल्यावर नागपुरात मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, तिथे पाहण्यासारखं काय आहे? बीरगावात एक दार आहे, असं मी सांगितलं. दोन लोखंडी खांब, वर आडवी पट्टी, मध्ये जाळीचं फाटक, सगळ्याला पिवळे-काळे पट्टे. दोन्ही बाजूंना भिंत नाही. बकऱ्या, सायकली आणि घाईतली माणसं बाजूने जातात. फुटबॉल खेळायला आलेला माणूस मात्र फाटक उघडतो, आत जातो आणि वळून फाटक लावतो.

मी गेले होते एक वही परत मिळवायला.

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबांचा छोटा छापखाना होता. कामगारांच्या सभांची, वस्तीच्या नळाची, मोर्चाच्या वेळेची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले. मोठी झाल्यावर स्वतः लिहू लागले. त्यातलं एक पत्रक ब्रिटिश संग्रहालयांत पडून असलेल्या आपल्या वस्तूंबद्दल होतं. ‘ज्याचं आहे त्याला द्या’ असं त्याचं नाव. मैत्रिणीने त्याचं इंग्रजी केलं, इंटरनेटवर टाकलं, आणि मी इंग्लंडच्या उत्तराची वाट पाहू लागले.

उत्तर आलं. कीथ हार्टली नावाच्या निवृत्त क्रेनचालकाचं. ‘तुमचं पत्रक वाचलं. प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. म्हणूनच लिहीत आहे,’ अशी सुरुवात होती.

कीथ उत्तर इंग्लंडमधल्या कोल्डरिग या पोलादाच्या गावचा. तिथे कारखान्यातल्या कामगारांचा एक फुटबॉल क्लब होता, कोल्डरिग वर्क्स. इंग्लंडमधले जे क्लब आपण टीव्हीवर पाहतो त्यांच्या खूप खाली पायऱ्या-पायऱ्यांनी शेकडो क्लब आहेत. तिथले खेळाडू दिवसा कुठेतरी नोकरी करतात आणि शनिवारी खेळतात. त्याला नॉन-लीग म्हणतात. कारखाना बंद पडला, क्लब थांबला. काही वर्षांनी कीथ आणि चारपाच जणांनी तो पुन्हा सुरू केला. आता कीथ क्लबचा इतिहास लिहीत होता, पण स्थापनेपासूनची सभांची वही सापडत नव्हती. मग त्याला इंटरनेटवर एक फोटो दिसला. छत्तीसगडमधल्या बीरगावचे अकरा खेळाडू, अंगात कोल्डरिगचे पिवळे-काळे पट्टे, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर तीच वही.

‘वस्तू ज्याची आहे त्याला मिळावी, या तुमच्या मताचा मला आधार वाटतो,’ असं त्याने शेवटी लिहिलं होतं. यावर नाही म्हणायची सोय मी स्वतःच ठेवलेली नव्हती.

शुक्रवार, उरला आणि बीरगाव

बीरगावला लागून असलेल्या उरल्याला उतरल्यावर पहिल्यांदा दिसते ती धूळ, आणि मग धुळीत उभे असलेले ट्रक. लोखंड वितळवायच्या आणि लाटायच्या कारखान्यांची ही रांग. फाटकांवर ‘सुरक्षा सर्वप्रथम’ लिहिलेलं आहे आणि त्याखालून माणसं रबरी चपलांत आत जाताहेत. यावर एक पत्रक होईल.

फोटोतला म्हातारा म्हणजे देवाजी रामटेके. मूळचे भंडाऱ्याकडचे, चाळीसेक वर्षांपासून इथे. रोलिंग मिलमध्ये फिटर होते, आता निवृत्त. क्लबचे गोलकीपर होते, आता चिटणीस आहेत. मी हॉटेलात राहणार म्हटल्यावर ते फोनवर इतका वेळ गप्प बसले की मी त्यांच्याकडे राहायला गेले.

काकूंनी चिला वाढला. तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं आणि टोमॅटोची चटणी. टोमॅटोला इथे पताल म्हणतात. आमच्याकडे पोह्यांवर तर्री ओततात. इथे पोह्यांसोबत जिलेबी देतात आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. मला वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं नाही.

“वही नेऊन राहिली का तू?” काकांनी मी जेवत असतानाच विचारलं.

“ते क्लब ठरवेल, काका. मी फक्त माझं म्हणणं मांडीन.”

“मांड. उद्या सभा आहे. विषयपत्रिकेत घेतलं तुह्यं.”

त्यांची मुलगी ज्योती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि क्लबचे कागद सांभाळते. तिला मराठी सगळी कळते, उत्तर ती हिंदीत देते. “दीदी, बुधवार को मैदान की सुनवाई है,” ती म्हणाली. मैदानावर ट्रकतळ करायचा प्रस्ताव होता. क्लब इथे किती वर्षं खेळतो याचा पुरावा मागितला होता, आणि वहीशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

“झेरॉक्स काढून घेऊ,” मी म्हटलं. ज्योती काही बोलायच्या बेतात होती, पण काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती भांडी उचलायला गेली.

दुपारी काकांनी वही माझ्यापुढे ठेवली. कापडी पुठ्ठा, जाड शिवण, अंगठ्याच्या जागी काळे झालेले कोपरे. ती इथे कशी आली ते त्यांनी सांगितलं. कोल्डरिगची मिल बंद पडल्यावर उरल्याच्या एका शेठने तिची यंत्रं भंगाराच्या भावात घेतली. सुटे भाग नंबर घातलेल्या खोक्यांतून आले. मिल पुन्हा जोडायला जे फिटर होते त्यांत काका होते. बेअरिंग असायला हवं होतं त्या खोक्यात पत्र्याची पेटी निघाली. पेटीत पट्ट्यांच्या जर्सी, हवा गेलेला चेंडू, एक भली मोठी किटली आणि वही. शेठ म्हणाला, जर्सी यंत्रं पुसायला घ्या.

“मग?”

“मंग काय. अकरा होत्या. आमी अकरा जण होतो जोडणीवर. पुसायला कोनाचं मन होते?”

इंग्रजी पानं वाचायला काकांना शब्दकोश घेऊन वर्ष लागलं होतं. मला एक दुपार लागली. क्लब काढला तो लोखंड लाटायचे रोल घासणाऱ्या कामगारांनी, कारण कंपनीच्या संघात फक्त कारकुनांना घेत. पहिला ठराव असा की कुणालाही त्याचं कारखान्यातलं खातं विचारायचं नाही. मैदान त्यांनी भट्टीची राख पसरून स्वतः तयार केलं. सामने पाळ्या पाहून ठरत. रात्रपाळी करून आलेला गोलकीपर खांबाला टेकून झोपला आणि संघ हरला, याची चौकशी दोन पानं आहे. पाहुण्या संघाचा चहा कोणी करायचा, यावर तीन. महायुद्धाच्या वर्षांना एकच ओळ आहे, ‘सभा नाही. सभासद बाहेर.’ मी संपांचे इतिहास वाचले आहेत, त्यांत एवढी माणसं सापडली नव्हती.

शेवटची इंग्रजी सभा कारखान्याच्या कँटीनमध्ये झाली होती. तिचे ठराव असे. फाटकाला क्लबचे रंग द्यावेत. पंचांना उद्देशून वापरलेल्या भाषेबद्दल के. हार्टली यांना दोन सामने बाहेर ठेवावं. चहाबद्दल स्वयंपाकीणबाईंचे आभार. आणि शेवटी, ‘कारखाना बंद होत असल्याने पुढील सभेची तारीख मागाहून कळवण्यात येईल.’

पान उलटलं. पुढे निळ्या बॉलपेनने, हिंदीत, तीच मांडणी. हजर. गैरहजरीची पत्रं. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं.

“काका, ही तुमची पहिली सभा ना? मग मागील सभा कुठली कायम केली?”

काकांना माझा प्रश्न नीट कळला नाही. “थेच. कोल्डरिगची. आधीची सभा कायम केल्याशिवाय नवी कशी सुरू होईन?”

उरल्याच्या अकरा फिटर-हेल्परांनी हात वर करून कोल्डरिगची सभा कायम केली होती. कायम केली म्हणजे तिचे ठराव लागू झाले. मैदानाला फाटक नव्हतं, म्हणून आधी फाटक बांधलं आणि मग रंगवलं. स्वयंपाकीणबाईंचे आभार मानले. राहिला हार्टली. हार्टली नावाचा कोणी संघात नव्हता. पण शिक्षा होती. म्हणून बीरगाव पहिले दोन सामने दहा जणांनिशी खेळलं, डाव्या बचावाची जागा मोकळी ठेवून.

“निकाल?”

“हारलो. दोनी. सगळे गोल तिकूनच आले.”

“अकरावा खेळाडू होता ना?”

“होता. बाहेर बसला होता. त्याले राग आला होता.” काकांनी चष्मा पुसला. “पन ठराव म्हंजे ठराव.”

शनिवार, मैदान

सकाळी मी कुडता धुऊन गच्चीवर वाळत घातला. पांढरा होता. दुपारी काढला तेव्हा शेजारीण म्हणाली, “दीदी, सफ़ेद यहाँ अंदर सुखाते हैं।” सभेला मी राखी रंगाच्या कुडत्यात गेले.

सभा पहिली पाळी सुटल्यावर गोलखांबाजवळ भरली. वीसेक सभासद, बरेचसे अजून कामाच्या कपड्यांत. किटलीतून चहा. तीच किटली. काकांनी मागील इतिवृत्त वाचलं, हात वर झाले, आणि मला बोलायला सांगितलं.

मी चांगली बोलले. ते मला तेव्हाही कळत होतं. लोकांच्या श्रमाची आठवण ही त्या लोकांची मालमत्ता असते, विकत घेणाऱ्याची नाही, असं म्हणाले.

सेंटर फॉरवर्ड मनहरण साहू उभा राहिला. तो ट्रक चालवतो, त्यामुळे ट्रकतळाच्या बाजूने बोलेल असं मला वाटलं होतं. “देखो दीदी, हमने चुराया नहीं। शेठ ने ख़रीदा था।”

“संग्रहालयंही हेच म्हणतात,” मी म्हटलं. “ज्याने विकली त्याची ती होती का? कंपनीने यंत्रं विकली. वही कंपनीची नव्हती.”

“वहाँ रहती तो अब तक जल गई होती। हमने सँभाला।”

“हेसुद्धा तेच म्हणतात.”

“यहाँ लोग देखते हैं उसको। वहाँ अलमारी में रखेंगे।”

“हेसुद्धा.”

मनहरण खाली बसला. “दीदी तो पूरा वकील हवय,” तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि लोक हसले. मी हसले नाही. माझ्या पत्रकात या तिन्ही मुद्द्यांना उत्तरं होती आणि तिन्ही चपखल बसत होती. साहेबांसाठी घडवलेलं हत्यार मी रोलिंग मिलच्या कामगारांवर चालवत होते आणि ते उत्तम चालत होतं.

मतदान झालं. वही परत द्यावी, असं बहुमताने ठरलं. काकांनीही हात वर केला.

“तुम्ही का?” मी नंतर विचारलं.

“तुह्यं म्हननं बरोबर होतं,” ते म्हणाले, आणि ठराव वहीत लिहू लागले.

ज्योतीने मला फाटकापाशी गाठलं. तिच्या हातात सुनावणीची नोटीस होती. “पढ़िए।”

पुराव्याचे मूळ दस्तऐवज जमा करावेत, छायाप्रत ग्राह्य धरली जाणार नाही, असं तिथे लिहिलं होतं.

“हे सभेत का नाही सांगितलं?”

“पापा ने बोलने नहीं दिया। विषयपत्रिका में नहीं था।” तिचा आवाज अजिबात चढला नाही. “आप जीत गईं, दीदी। अब बुधवार को हम क्या दिखाएँगे? गेट?”

काकांना मी विचारलं, त्यांना हे माहीत होतं का? होतं. मग? “तुह्या विषयावर सभा होती. त्यात आपला विषय घुसवला असता तर तुह्यावर अन्याय झाला असता.” चाळीस वर्षांची हजेरी पणाला लागली असताना या माणसाला माझ्यावर अन्याय होईल याची काळजी होती. त्या संध्याकाळी काकूंनी तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची, भाजी केली होती. ती कशी होती ते मला आठवत नाही, आणि प्रवासवर्णनात हे कबूल करणं वाईट दिसतं.

रविवार, कीथ

दुपारी आम्ही कीथला व्हिडिओवर फोन लावला. त्याच्याकडे सकाळ होती आणि मागे पाऊस. लाल चेहऱ्याचा, लोकरी टोपीतला म्हातारा. काकांनी त्याला नमस्कार केला, त्याने हात हलवला. ज्योतीने फोन वहीवर धरला आणि एकेक पान उलटत गेली. तो नावं वाचत होता. मध्येच म्हणे, हे माझे मामा. हे बुटके होते, पण डोक्याने गोल मारायचे.

मग शेवटचं इंग्रजी पान आलं आणि तो थांबला.

“पंचाला मी नेमकं काय म्हणालो, ते लिहिलंय का?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आडनाव दोन दिवस माझ्यासमोर होतं आणि मी ते जोडलं नव्हतं.

“नाही. ‘भाषा’ एवढंच आहे.”

“बरं झालं. आई वाचायची ही वही.” तो जरा हसला. “ती शिक्षा मी भोगलीच नाही. क्लबच संपला.”

“भोगून झाली,” मी म्हटलं, आणि पुढचं पान त्याला इंग्रजीत वाचून दाखवलं. दोन सामने, दहा खेळाडू, डावा बचाव मोकळा, हार्टली यांची शिक्षा पूर्ण.

त्याने टोपी काढली.

“माझ्या जागी कोण होतं?”

“कोणी नाही. तुमची जागा ठेवली होती.”

“तो काय म्हनते?” काकांनी विचारलं.

“विचारतो, त्याच्या जागी कोण खेळलं.”

“त्याले सांग, कोनी नाई. अन् सांग, लय गोल झाले.”

मी सांगितलं. मग शनिवारचा ठराव सांगितला, नोटीस सांगितली, बुधवार सांगितला. वहीवर तुमचा हक्क आहे असं मी सिद्ध केलं आहे, हेही सांगितलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“तिथे मैदान अजून आहे?” कीथने विचारलं.

ज्योती फोन घेऊन बाहेर गेली आणि त्याला मैदान दाखवलं. कोरडी माती, दोन बकऱ्या, फाटक.

“आमचं गेलं,” तो म्हणाला. “तिथे आता गोदाम आहे. आम्ही शेजारच्या गावाचं मैदान उसनं घेऊन खेळतो. आमच्या फाटकाला तो रंग कधी लागलाच नाही.” मग त्याने घसा साफ केला आणि सभेत बोलावं तसं बोलला. “वही माझी आहे असं ठरलं असेल, तर ती बुधवारी तिथे जमा करावी, असं मी सुचवतो. मला पानांचे फोटो पाठवा. आणि मी बुधवारी येऊ शकत नाही, याची नोंद घ्या.”

मी भाषांतर केलं. “अनुमोदन,” काका म्हणाले आणि पेन काढलं.

रविवारची संध्याकाळ आणि सोमवार, ज्योती आणि मी पानांचे फोटो काढत बसलो. माझ्या पत्रकाची पुढची आवृत्ती काढायची आहे. त्यात एक परिच्छेद वाढवायला हवा. वस्तू ज्याची आहे त्याला द्यायची हे अजूनही मला मान्य आहे. ती एकाच वेळी दोघांची असेल, तर काय करायचं ते मी अजून लिहू शकलेले नाही.

बुधवार, कचेरी

कचेरीतले अधिकारी वयाने माझ्याएवढेच होते आणि दमलेले दिसत होते. ट्रकतळाच्या बाजूने दोघे जण आले होते, फायलीत नकाशे घेऊन. आमच्या बाजूने काका, ज्योती, मनहरण, मी आणि वही. काका धुतलेल्या निळ्या शर्टात होते, खिशाला पेन.

साहेबांनी वही उघडली ती नेमकी मधोमध. काही पानं मागे गेले, काही पुढे. “ये तो नियमित है,” ते म्हणाले. “हर महीने मीटिंग?”

“हव साहब। मिल में हड़ताल थी तब भी।”

“और ये शुरू का अंग्रेज़ी में? ये हार्टली, बर्टन, ये सब कौन हैं?”

मी उत्तर तयार ठेवलं होतं, यंत्रांच्या स्थलांतरावर, जरा लांब. काकांना त्याची गरज पडली नाही.

“पुराने मेंबर हैं साहब।”

नकाशावाल्यांपैकी एक जण हसला. साहेब हसले नाहीत. “तो आज कोई आया नहीं उनमें से?”

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. कीथने मेलवर पाठवलेलं पत्र, ज्योतीने लॅबमध्ये छापलेलं. अंतर आणि गुडघा या कारणांनी आपण हजर राहू शकत नाही, याबद्दल दिलगिरी. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि फायलीत लावायला सांगितलं.

निकाल पुढे येईल. तोवर मैदानावर ट्रक उभे करायचे नाहीत, असं त्यांनी लिहून दिलं. वही मात्र निकाल लागेपर्यंत दफ्तरात राहणार. निकालाला किती दिवस लागतील, हे ज्योतीने विचारलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

बाहेरच्या टेबलावर कारकुनाने वहीला सुतळी बांधली आणि पावती फाडली. काका पावती घेऊन दारापर्यंत गेले, चष्मा लावून वाचली आणि परत आले.

“बाबूजी, इसमें लिखा है, पुरानी कॉपी, एक।” वहीला इथे कॉपी म्हणतात.

“तो? पुरानी नहीं है क्या?”

“नहीं।” काकांनी पावती त्याच्यापुढे सपाट करून ठेवली आणि शब्दावर बोट ठेवलं. “चालू है।”

मागे रांग होती. कारकुनाने काकांकडे पाहिलं, सुतळी बांधलेल्या वहीकडे पाहिलं, मनहरणच्या रुंदीकडेही पाहिलं. मग ‘पुरानी’ खोडून वर बारीक अक्षरात ‘चालू’ लिहिलं.

“सही भी,” काका म्हणाले. “काटा है तो सही लगती है।”

कारकुनाने खोडलेल्या जागी सही केली.